डोंगराची रेघ

“आता ह्या भित्तीवरच्या टीव्हीला डोंगर दिसंना, म्हनून काय डोंगर पळून गेला व्हय साहेब? हाय तिथंच हाय. खिडकीतनं बगा की. बूड हलवाय नगं, निस्ती मान वळवा.”

मगेसासाहेबांनी मान वळवली नाही. खिडकीबाहेरच्या डोंगरापेक्षा भिंतीवरचा डोंगर त्यांना जास्त खरा वाटत होता. बाहेरचा देवानं ठेवलेला, आतला त्यांनी स्वतः दार-एस-सलामहून मागवलेला. दारातून आत आणताना त्याच्यासाठी चौकट तासावी लागली होती, एवढा मोठा तो पडदा.

पडद्यावर चार चौकोन. चौकोनात एकेक हिरवी रेघ. जेवढी नेटची वर्दळ तेवढी रेघ उंच. पहिली मुख्य लाइन, दुसरी ऑफिस, तिसरी मासळीधक्का आणि चौथी डोंगर. पहिल्या तिघी उड्या मारत होत्या. चौथी रविवार दुपारपासून तळाशी पडून होती, गाडीखाली आलेल्या सापासारखी सरळ.

“कुल्वाची आई, रेघ शून्यावर आहे,” साहेब लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले. “शून्यावर म्हणजे डोंगरावरचं यंत्र बंद. यंत्र बंद म्हणजे जनरेटर बंद. जनरेटर बंद म्हणजे डिझेल संपलं. आणि डिझेल हिशोबापेक्षा चार दिवस आधी संपलं कसं, हे मला नका विचारू. डोंगरावरच्या राखणदाराला, त्या लुहेंदेला विचारा.”

“काल इचारलं. डबा भरल्याला हाय म्हनला. हात घालून दावू का म्हनला, फोनवरनं.”

“चोर काय सांगणार मग?”

“आन् डोंगराच्या यंत्रावर चालनारी पल्याडची मिशनची शाळा? ती बी चोर? सिस्टरला मी सवता फोन लावला. म्हनली, पोरं नेटवर हायती, धडा चाललाय.”

“मोबाइलवर असतील.”

“साडेतीनशे पोरं? येका मोबाइलवर?”

उत्तर नसलं की गप्प बसायचं, एवढी अक्कल असती तर ते साहेब झाले नसते. ते म्हणाले, “तक्रार आलेली नाही म्हणजे लाइन चालू आहे असं होत नाही. लोकांना आपल्या बंद लाइनची सवय आहे.”

मिन्झानं, म्हणजे कुल्वाच्या आईनं, साहेबांकडं पाहिलं. आपल्याच नेट-कंपनीची अब्रू इतक्या ऐटीत काढणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला. बुधवारची सकाळ होती, साडेनऊ झाले होते. दहाला खाली सालुम ड्रायव्हर गाडी काढणार होता. गाडीत दोन नवे राखणदार आणि लुहेंदेला कामावरून काढल्याचं एक टाइप केलेलं पत्र. डोंगर चढायला तास लागतो. म्हणजे अकराला लुहेंदे म्हाताऱ्याच्या हातात पत्र पडणार, आणि संध्याकाळच्या आत त्याची बायको, पाच शेरडं, कोंबड्या, तवा, चूल, सगळं डोंगराखाली. अकरा वर्षं तो तिथं राहिला होता. खाली त्याला भिंत सोडाच, दोरी बांधायला खुंटी नव्हती.

मिन्झा कामावर लागली ती झाडूवाली म्हणून. सरोवराकाठच्या मागू गावाकडची बाई. बाप मचव्यावरचे दाब-दिवे पेटवायचा. रात्री डागा नावाची बारीक मासळी उजेडावर येते, तो उजेड सांभाळणं हा त्याचा धंदा. दिव्याच्या तोंडातलं केसाएवढं भोक सुईनं साफ करायचं काम सहा वर्षांची असल्यापासून तिच्याकडं होतं. लग्न झालं, कुल्वा आणि डोट्टो जुळे झाले, नवरा गेयटाच्या सोन्याच्या खाणीत गेला आणि तिथंच दुसरीच्या घरात राहिला. तो गेल्याचं दुःख तिला किती झालं हे कुणी विचारलं तर ती सांगायची, “एक ताट कमी घासावं लागतंया.”

म्वांझा शहरात येऊन ती ह्या कंपनीत झाडू मारू लागली. त्या वेळी यंत्रांच्या खोलीत माबुला नावाचा जुना तारवाला होता. टपाल खात्यातून निवृत्त होऊन आलेला. झाडणारी माणसं त्याला डोळ्यांपुढं नको असत. तारा ओढायची, उपटायची, मग परत भलतीकडं खुपसायची. ही बाई मात्र एकेक तार उचलून, खालची धूळ काढून, तार होती तशी खाली ठेवायची. माबुलानं आठवडाभर पाहिलं आणि झाडू काढून घेऊन तिच्या हातात पकड दिली. बारा वर्षं शिकवलं. तो गेला तेव्हा खोली तिच्याकडं आली. हुद्दा आला नाही. कागदावर ती अजून ‘सहायक’ होती. कुणाची, ते कागदात लिहिलेलं नव्हतं.

माबुलाच्या दोन खोडी तिनं उचलल्या. एक, प्रत्येक तारेला किटेंगेच्या, म्हणजे बाया कमरेला गुंडाळतात त्या छापील कापडाची चिंधी बांधायची. मासळीधक्क्याच्या तारेला माशांच्या नक्षीची, डोंगराच्या तारेला लाल, ऑफिसच्या तारेला पिवळी. अंधारात हातानं चाचपून, लाइट गेली तरी, कुठली तार कुठली हे कळावं म्हणून गाठीही वेगवेगळ्या. दुसरी खोड, शाळेच्या रेघी वहीत सर्व्हरच्या पाठीवरच्या प्रत्येक तोंडाचा जन्मआकडा लिहून ठेवायचा. तार जिथं खुपसतात ते तोंड. कारखान्यातच त्याच्यावर एक आकडा कोरलेला असतो, तो त्याच्याबरोबरच जन्मतो आणि त्याच्याबरोबरच मरतो. नाव काय, यंत्र वाटेल ते ठेवतं.

आणि नावाचाच घोळ झाला होता. फक्त हे त्या सकाळपर्यंत तिलाही माहीत नव्हतं.

शुक्रवारी दारहून, म्हणजे दार-एस-सलामहून, शायो नावाचा इंजिनियर आला. बूट असे की त्यात तोंड बघून भांग पाडावा. सर्व्हरची जुनी प्रणाली काढून नवी घालायची होती. शनिवारी त्यानं खोलीत पाऊल ठेवलं, चिंध्या बघितल्या आणि हसला.

“हे काय आहे? जत्रा?”

“वळखीच्या खुणा हायत्या,” मिन्झा म्हणाली.

“ही सर्व्हर रूम आहे, आई. ताईत बांधायचं झाड नाही.” त्यानं कात्री मागितली आणि एकेक चिंधी कापून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग फोटो काढला. साहेबांनी फोटो बघून “वा” म्हटलं.

रविवारी प्रत्यक्ष काम होतं. मिन्झाला खोलीत थांबायचं होतं. साहेबांनी तिला पुलाव आणायला पाठवलं. चाळीस माणसांचा पुलाव, तळलेला सांगारा मासा, सोड्याची खोकी. कामाआधी जेवणाची सोय करणारी ही माणसं. ती परत आली तोवर नवी प्रणाली बसली होती, टाळ्या झाल्या होत्या, आणि शायो पांढऱ्या शर्टावर रस्सा पडू नये म्हणून छातीवर रुमाल खोचून माशाचा कल्ला फोडत होता. भिंतीवर तीन रेघा नाचत होत्या. चौथी झोपली होती. शायोनं तोंडातला काटा काढून सांगितलं, “हे डोंगराकडचं आहे. आपल्याकडचं काम शंभर टक्के.”

तेवढ्यावर सोमवारी चौकशी, मंगळवारी पत्र, बुधवारी गाडी. शायो आज संध्याकाळच्या विमानानं परत जायचा होता. लॅपटॉप उघडून तो साहेबांच्या केबिनमध्ये बसला होता आणि अहवालाला रंगीत मुखपृष्ठ करत होता.

मिन्झा पडद्याजवळ गेली. साहेबांशी बोलून तोंड दुखलं होतं, म्हणून ती रेघांकडं बघत राहिली. ती रेघा वाचत नसे, ओळखत असे. गल्लीतली माणसं पाठमोरी ओळखतात तशी. मासळीधक्क्याची रेघ पहाटे चारला उठते, बोटी येतात, भाव बोलले जातात, दहाला ती थकून बसते. ऑफिसची रेघ नऊला उठते, कारण ऑफिस नऊला उठतं. आणि डोंगराच्या रेघेला रोज सकाळी साडेसहाला एक खाच पडते. लुहेंदे तेव्हा जनरेटर बंद करून यंत्र बॅटरीवर घेतो. यंत्र अर्धा मिनिट गुंगीत जातं, मग सावरतं. माबुला त्या खाचेला लुहेंदेचं दातवण म्हणायचा.

तिनं मासळीधक्क्याच्या चौकोनात बोट ठेवलं. आज साडेसहाला खाच. मंगळवारी साडेसहाला खाच. सोमवारीही.

“शायो,” ती म्हणाली, “मासळीधक्क्यावर दातवण कोन करतंया?”

“काय?”

“आन् ऑफिसची रेघ बगा. पाटं चारला उठतीया. आपल्या हापिसात पाटं चारला कोन असतं? राखनदार. त्यो बी घोरत.”

साहेब खुर्चीतून उठले. “ते मी पाहिलंय,” ते म्हणाले. “सोमवारीच पाहिलं. नव्या प्रणालीमुळं लोक घरून लवकर कामाला लागतात. मी तसं वर कळवलंसुद्धा.”

मिन्झाला एक क्षण वाटलं, हा थट्टा करतोय. मग तिच्या लक्षात आलं की साहेबांना थट्टा करता येत नाही, ते अंगानंच तसे आहेत.

“ती माशांची रेघ हाय साहेब,” ती म्हणाली. “ऑफिसच्या पाटीखाली मासळी इकली जातीया. मासळीच्या पाटीखाली डोंगर चालतोय. आन् डोंगराच्या पाटीखाली कोन हाय, ते आता ह्यो सांगंल. शायो, रविवारी तुमी परनाली बदलली तवा रेघा कशा व्हत्या? चारी मेल्या व्हत्या का न्हाई?”

शायो म्हणाला, “सुरुवातीला काही वेळ दिसत नव्हत्या.”

“का?”

“नवी प्रणाली तोंडांना नवीन नावं देते. कुठल्या खाचेत कार्ड आहे त्यावरून. जुनी नावं राहत नाहीत. मॉनिटरिंग जुनी नावं शोधत होतं.”

“मंग?”

“मग मी नवीन नावं भरली.”

“कुठलं नाव कुठल्या लाइनीचं, हे कशावरनं भरलं?”

शायो लॅपटॉपच्या पडद्यावरचं मुखपृष्ठ निळं करून पाहू लागला.

“वळीनं भरली,” मिन्झा म्हणाली. “पयलं नाव पयल्याला, दुसरं दुसऱ्याला. शाळंत मास्तर नसला की पोरं हजेरी देत्यात तशी. आन् तारा बगून खातरी करावी म्हनलं, तर चिंध्या कचऱ्यात. आन् जेवान निवत व्हतं.”

“हा तुमचा अंदाज आहे,” साहेब म्हणाले.

“मंग बगू. शायो, ज्या नावाला डोंगराची पाटी लावलीया त्या तोंडाचा दिवा लुकलुकवा. हुकूम असतोया तसा.”

शायोला तो हुकूम माहीत नव्हता. तिनं एकेक अक्षर सांगितलं, त्यानं टाइप केलं; अक्षरं सांगताना तिनं त्याच्याकडं बघण्याचे कष्ट घेतले नाहीत. मग तिघं यंत्रांच्या खोलीत गेले, मागून ऑफिसातले चार-पाच फुकटे. सर्व्हरच्या पाठीवर सहा तोंडं होती. चौथ्या तोंडाचा दिवा काजव्यासारखा लुकलुकत होता. त्या तोंडात तार नव्हती. कधीच नव्हती; कारखान्यातलं प्लास्टिकचं बूच अजून जागेवर होतं, त्यावर धूळ.

“ह्यो तुमचा डोंगर,” मिन्झा म्हणाली. “ह्या बुचानं डिझेल इकलं.”

फुकट्यांपैकी एक हसला. साहेबांनी मागं पाहिलं, तो खोकला. साहेब वाकले, बूच पाहिलं, आणि ताठ होऊन म्हणाले,

“म्हणजे डोंगराची तार कुणीतरी उपटली.”

“आं?”

“तार इथं असायला हवी होती. नाही. मग कुणीतरी काढली. ह्या खोलीची किल्ली कुणाकडं असते?”

किल्ली तिच्या गळ्यातल्या दोरीला होती. सगळ्यांना दिसत होती. शायोला श्वास घ्यायला वाट मिळाली, तो म्हणाला, “मी आरोप करत नाही, पण प्रणाली बसवल्यानंतर कुणी केबलना हात लावला असेल तर...”

“बूच बगा की वो! त्याच्यावरची धूळ रविवारची हाय का?”

“धुळीवर तारीख नसते,” साहेब म्हणाले.

घड्याळात दहाला पाच कमी होते. खाली सालुम गाडीचा हॉर्न वाजवून नव्या राखणदारांना बोलावत होता. मिन्झाला कळून चुकलं की ह्या माणसाला धूळ, बूच, दिवा, वही, काही म्हणजे काही पटणार नाही. त्याला फक्त पडदा पटतो. मग पडद्यालाच बोलतं करायचं.

तिनं फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

“बाबा, मी कुल्वाची आय. येक काम करा. यंत्राचा तांबडा खटका खाली वढा. मी सांगीपत्तोर वर करू नगा.”

पलीकडं एक शेरडू ओरडलं. मग लुहेंदेचा आवाज आला, कोरड्या पानासारखा. “काय म्हनलीस?”

“खटका खाली वढा.”

“न्हाई वढायचा.”

“आवं बाबा—”

“ऐक. अकरा वर्सं मी त्यो खटका वर ठिवलाय. पावसात, इजंत, माझी बायकू तापानं फनफनलेली तवा बी. कवा खाली केला न्हाई. सालुमचा फोन आल्ता. म्हनला, तुजं पत्र घिऊन निगतोय, खटका पाडलास म्हनून. आन् आता तू म्हनतीस, पाड. गाडी वर येती तवा खटका खालीच घावायचा. म्या म्हातारा झालो, पन डोसक्यात भुस्सा न्हाई भरल्याला.”

“मी तुमचा गळा कापीन व्हय बाबा?”

“तू न्हाई कापायचीस. सुरी तुज्या हातात दुसरा कुनीतरी दील.”

मिन्झाला राग आला आणि त्याच वेळी म्हातारा बरोबर आहे हेही दिसलं. सगळ्या ऑफिसात एवढी साधी शंका एकाच माणसाला सुचली होती, आणि तो डोंगरावर होता. तिनं फोन साहेबांपुढं धरला.

“तुमी सांगा.”

“मी? मी राखणदाराशी काय बोलू?”

“पत्र लिवाय बोलाय लागलं न्हाई, खरं हाय. पन आता बोलावं लागंल. न्हाईतर ऱ्हाऊ द्या. मी शाळंत सांगते, साहेबांच्या म्हनन्यापरमानं तुमची लाइन रविवारपासनं बंद हाय, तवा चार दिसाचं पैसं काय देऊ नगा.”

हे मात्र साहेबांना लगेच कळलं. त्यांनी फोन घेतला. “लुहेंदे, मी बोलतोय.”

“मी कोन?”

“मी! साहेब!”

“कुठला साहेब? हितं लई फोन येत्यात. परवा येकजन म्हनला मी बँकेचा साहेब. नाव सांगा.”

दारातल्या फुकट्यांनी एकमेकांच्या फासळ्यांत कोपरं खुपसली. साहेबांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.

“हुद्दा?”

“शाखा व्यवस्थापक!”

“आता म्हना, लुहेंदे, खटका मी माज्या हुकमानं खाली कराय लावतोय. मोट्यानं म्हना, बायकूला बी ऐकू दे. ती साक्षीला हाय.”

साहेबांनी तेही म्हटलं. दुसऱ्यांदाही म्हणावं लागलं, कारण म्हातारीला कमी ऐकू येत होतं. मग पलीकडून ‘खट्’ असा आवाज आला, लोखंडी बिजागरी पडावी तसा, आणि लुहेंदे म्हणाला, “अकरा वर्सानी.”

सगळे केबिनमध्ये पडद्यापुढं येऊन उभे राहिले. पडद्यावर मिनिटाला एक ठिपका पडायचा. पहिलं मिनिट काही झालं नाही. शायो घसा साफ करून “बघितलंत?” म्हणायच्या बेतात होता. दुसऱ्या मिनिटाला मासळीधक्क्याची रेघ, जी सकाळपासून हरणासारखी उडत होती, ती ठेच लागावी तशी तोंडावर पडली. तळाला. सरळ.

डोंगराच्या चौकोनात काहीही फरक पडला नाही. बूच आपलं बुचासारखं शांत होतं.

तेवढ्यात साहेबांच्या टेबलावरचा काळा टेलिफोन वाजला. साहेबांनी उचलला. सिस्टरचा आवाज एवढा मोठा की टेलिफोनची काही गरज नव्हती. नुसतं डोंगरावरून हाक मारून कळवलं असतं तरी चाललं असतं.

“काय चाललंय तुमचं? चार दिवस झाले, पहिल्यांदाच धड चाललं होतं, आणि आज ऐन परीक्षेत बंद? साडेतीनशे मुलं हात बांधून बसली आहेत!”

“सिस्टर, तांत्रिक... एक तपासणी...”

“कधी सुरू होणार?”

साहेबांनी टेलिफोनच्या तोंडावर हात ठेवून मिन्झाला खूण केली: सांगा त्याला, वर कर. मिन्झानं आपला फोन वर धरला. लुहेंदेला सगळं ऐकू गेलं होतं.

“माज्याकडनं काय अडचन न्हाई,” तो म्हणाला. “पन खटका हुकमानं खाली गेलाय, हुकमानंच वर जाईल. आन् गाडी कुठंवर आलीया तेवढं सांगा. ती मागं वळली का मंग मी उठतो. गुडघं दुखत्यात.”

सालुमला फोन गेला. तो फाट्यावर भाजलेलं मक्याचं कणीस घेत होता. परत फिर म्हटल्यावर त्यानं कारणही विचारलं नाही. पत्र त्यानं पुढच्या काचेजवळ ठेवलं होतं, त्याच्यावर आता कणसाचं मीठ-तिखट सांडलं होतं असं दुपारी कळलं. साहेबांनी फोनमध्ये तोंड घालून हुकूम दिला, नाव आणि हुद्द्यासकट. ह्या वेळी त्यांनी म्हातारीची वाट न बघता स्वतःहून दोनदा सांगितलं. मिनिटाभरानं मासळीच्या पाटीखालचा डोंगर परत उभा राहिला.

“हं,” साहेब खुर्चीत बसत म्हणाले. “म्हणजे तशी किरकोळ बाब होती. नावांची अदलाबदल.”

“किरकोळच,” मिन्झा म्हणाली. “येक खोपाट, येक म्हातारी, पाच शेरडं. लई किरकोळ.”

“आता तुम्ही तो विषय वाढवू नका. शायो, अहवालात घाला, अपग्रेडनंतरच्या सुधारणा, असं. आणि कुल्वाची आई, दुपारपर्यंत ह्या पाट्या सरळ करून टाका. आणि हो, ऑफिसच्या पहाटेच्या वर्दळीबद्दल मी वर कळवलं होतं, ते...”

“ते ऱ्हाऊ द्या की तसंच,” ती म्हणाली. “मासळीचा वास वरपत्तोर जात न्हाई.”

ती यंत्रांच्या खोलीत गेली. मागून शायो आला, लॅपटॉप छातीशी धरून. त्याच्या बुटांवर धूळ बसली होती आणि त्याला ती दिसतही होती. पासवर्ड त्याच्याकडं होता, आकडे तिच्याकडं. दोघांना एकमेकांवाचून गत्यंतर नव्हतं आणि ह्याचा संताप दोघांना सारखाच होता.

तिनं कपाटावरून रेघी वही काढली. सहा ओळी, माबुलाच्या अक्षरात चार आणि तिच्या अक्षरात दोन. शायोनं वाकून पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढून पानाचा फोटो घेतला.

“घे,” ती म्हणाली. “पन वरचा कोपरा कापू नगंस. तिथं माबुलाचं नाव हाय.”

“मी फक्त संदर्भासाठी...”

“व्हय, संदर्भासाठीच. दारला गेल्यावर संदर्भाचं शिकवनीवर्ग काड.”

तिनं गुडघ्याच्या वर गुंडाळलेल्या किटेंगेचा काठ दातांत धरला आणि फर्रकन फाडला. नवा होता, ईस्टरला घेतलेला, मोरांच्या नक्षीचा. माशांचा आता नव्हता. मोर तर मोर. एक लांब पट्टी, तिचे चार तुकडे. चारींना एकच नक्षी, म्हणून गाठी वेगवेगळ्या माराव्या लागणार होत्या: डोंगराला दोन गाठी, धक्क्याला एक, ऑफिसला फास, मुख्य लाइनीला तशीच लोंबती. ती सर्व्हरच्या मागं भिंतीशी पाठ लावून बसली, पाय लांब केले, तोंडात दोन तुकडे धरले.

“हे बांधायलाच हवं का?” शायोनं विचारलं. “नवी प्रणाली जन्मआकड्यावरूनच ओळखेल आता. मी तसं भरतो.”

“तुजी परनाली वळखंल. लाइट गेल्यावर मी कशानं वळखू? तुजा बूट लावून?” तिनं तोंडातला तुकडा हातात घेतला. “पयलं तोंड. आकडा वाच.”

शायो वाचू लागला. चौथ्या अक्षराला तिनं त्याला थांबवलं.

“सावकाश. पुलाव न्हाई त्यो. परत सुरवातीपासनं.”

बाहेर ऑफिसातलं कुणीतरी ओरडत आलं, मासळीधक्क्याचा फोन आहे, ऑफिसातून कळलं म्हणे त्यांना, विचारतात सकाळी दोन मिनिटं आमचं नेट गेलं होतं का. मिन्झानं गाठ आवळली.

“त्यास्नी सांग, गेलं नव्हतं. पडद्यावर गेलं व्हतं.” आणि शायोला, “हां. वाच.”